उघडेपणाची ढाल: सरकारी पाळत आणि स्वतःहून जाहीर केलेले आयुष्य

सरकारी पाळतीपासून नागरिकाने आपला खासगीपणा कसा जपावा, या प्रश्नाला एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून मुख्यतः दोन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर लपवण्याचे आहे: संदेश कूटबद्ध करावेत, म्हणजे ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते वाचता येऊ नयेत, आणि आपल्या हालचालींच्या खुणा शक्य तितक्या कमी ठेवाव्यात. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट दिशेने जाते. स्वतःविषयीची माहिती इतक्या विपुलतेने आणि इतक्या सातत्याने इंटरनेटवर मांडावी की पाळत ठेवणाऱ्याच्या हाती स्वतंत्रपणे शोधण्यासारखे काही उरू नये, असे ते सांगते. प्रथमदर्शनी हा मार्ग आत्मघातकी वाटतो, परंतु त्यामागे गंभीर विचार आहे आणि एका माणसाने त्यासाठी आयुष्याची अनेक वर्षे दिली आहेत, म्हणून त्याची चिकित्सा वरवरची असून चालणार नाही.

या मार्गाला सैद्धांतिक आधार मिळतो तो खासगीपणाच्या व्याख्येतून. सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकन विधिज्ञांनी १८९० मध्ये 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मधील लेखात खासगीपणाचा अर्थ माणसाला त्याच्या वाटेने जाऊ देणे, त्याच्या आयुष्यात न डोकावणे असा लावला होता. झटपट छायाचित्रण आणि चव्हाट्यावर आणणारी वृत्तपत्रे ही त्यांची तात्कालिक चिंता होती. १९६७ मध्ये ॲलन वेस्टिन यांनी भर बदलला. आपल्याविषयीची माहिती कोणाला, केव्हा आणि किती कळावी हे स्वतः ठरवण्याचा हक्क म्हणजे खासगीपणा, अशी त्यांची मांडणी होती. ही व्याख्या मान्य केली, तर स्वेच्छेने सर्व काही जाहीर करणाऱ्याने खासगीपणा गमावलेला नसून उलट तो वापरलेला आहे, असे म्हणता येते. हेलन निसेनबॉम यांनी पुढे दाखवून दिले की माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाचे संकेत तिच्यासोबत प्रवास करतात, आणि डॉक्टरला सांगितलेली गोष्ट नोकरी देणाऱ्याकडे पोहोचली तर ती गुप्त होती की नव्हती हा प्रश्न गौण ठरून संदर्भ मोडला गेला हाच अन्याय ठरतो. वेस्टिन यांची व्याख्या उघडेपणाच्या मार्गाला अनुकूल आहे, तर निसेनबॉम यांची त्याच्या मर्यादा दाखवणारी आहे.

या मार्गाचे सर्वांत चिकाटीने राबवलेले उदाहरण हसन एलाही यांचे आहे. बांगलादेशातील रंगपूर येथे १९७२ मध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये वाढलेले एलाही हे अमेरिकन नागरिक, दृश्यकलावंत आणि कलेचे प्राध्यापक आहेत. १९ जून २००२ रोजी परदेशातून परतताना डेट्रॉइटच्या विमानतळावर त्यांना बाजूला घेण्यात आले आणि एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या अधिकाऱ्याने त्यांना विचारले की १२ सप्टेंबर २००१ रोजी, म्हणजे न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवरील हल्ल्यांच्या दुसऱ्या दिवशी, ते कोठे होते. एलाही यांच्याजवळ त्या काळी प्रचलित असलेला, हातात मावणारा नोंदवहीचा यंत्रसंच होता. त्यात पाहून त्यांनी त्या दिवसाचा तासातासाचा हिशेब दिला: सकाळी भाड्याच्या गोदामाचे पैसे भरले, त्यानंतर एका विद्यार्थिनीची भेट घेतली आणि दुपारपासून वर्ग घेतले. फ्लोरिडातील टँपा शहरातील त्या छोट्या गोदामात स्फोटके साठवून एक अरब माणूस पळून गेला, अशी तक्रार कोणीतरी केली होती. एलाही अरब नव्हते, आणि गोदामात हिवाळ्याचे कपडे, घरात न मावणारे फर्निचर आणि अडगळ यांपलीकडे काही नव्हते.

चौकशी तेथे संपली नाही. ती सुमारे सहा महिने चालली आणि अखेरीस त्यांना एकामागून एक नऊ वेळा पॉलिग्राफ चाचणी, म्हणजे श्वास, नाडी आणि त्वचेवरील घाम यांवरून खरे-खोटे ठरवू पाहणारी चाचणी, द्यावी लागली. शेवटी त्यांच्याविषयी शंका उरली नसल्याचे सांगण्यात आले. तसे लेखी पत्र मात्र मिळाले नाही, कारण ज्याच्यावर औपचारिक आरोपच ठेवलेला नाही त्याला निर्दोष ठरवणार तरी कसे, असा पेच होता. या तपशिलाकडे नीट लक्ष द्यायला हवे. आरोपीला न्यायालय निर्दोष सोडू शकते, पण संशयिताला मुक्त करणारी कोणतीही प्रक्रिया अस्तित्वात नसते. त्यामुळे एलाही प्रवासाला निघण्यापूर्वी अधिकाऱ्याला स्वतःहून फोन करू लागले. फोनच्या जागी पुढे ईमेल आले, ईमेलला छायाचित्रे जोडली जाऊ लागली, आणि मग हे सारे एका अधिकाऱ्यापुरते का ठेवायचे या विचारातून 'ट्रॅकिंग ट्रान्झियन्स' हे संकेतस्थळ उभे राहिले.

या संकेतस्थळावर एलाही या क्षणी कोठे आहेत हे दाखवणारा नकाशा असे आणि त्यासोबत छायाचित्रांचा अखंड ओघ असे. विमानतळांवरील स्वच्छतागृहे, समोर आलेले जेवण, हॉटेलातील न आवरलेले पलंग, गाड्या उभ्या करण्याच्या मोकळ्या जागा, पेट्रोलपंप अशी हजारो चित्रे तेथे साठत गेली. कार्डाने केलेल्या खरेदीच्या नोंदीही त्यांत होत्या. मात्र या चित्रांत माणसे जवळपास नाहीतच. कोण भेटले, काय बोलणे झाले, मनात काय होते, यांपैकी काहीही त्यांतून कळत नाही. पाहणाऱ्याला एखाद्या मंगळवारी एलाही यांनी कोणत्या स्वच्छतागृहाचा वापर केला हे सांगता येते, पण त्यांच्या घरात कोण राहते हे सांगता येत नाही. त्यांच्या कामाचे मर्म येथे आहे. सर्व काही दाखवल्याचा भास निर्माण करून त्यांनी निवडीचा अधिकार स्वतःकडे ठेवला आणि अति-उघडेपणाच्या आड एक बऱ्यापैकी अनामिक आयुष्य जगता येते हे सिद्ध केले. संकेतस्थळाला कोण भेट देते याची नोंद सर्व्हरवर होत असे आणि तिच्यात सीआयए, पेंटॅगॉन व राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय यांच्या यंत्रणांचे पत्ते सापडल्याचे एलाही यांनी जाहीर व्याख्यानांत दाखवले आहे. अशा रीतीने पाळत ठेवणारेच पाळतीखाली आले.

एलाही यांचा युक्तिवाद अर्थशास्त्रीय वळणाचा आहे. गुप्तचर संस्थांचे भांडवल म्हणजे इतरांना उपलब्ध नसलेली माहिती. तीच माहिती बाजारात मुबलक झाली की संस्थेजवळील गुप्त फायलीचे मोल घसरते, आणि लक्षावधी लोकांनी तसे केले तर संपूर्ण यंत्रणाच कुचकामी ठरते. या युक्तिवादाला अनुभवाचा काही आधार आहे. २५ डिसेंबर २००९ रोजी ॲम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला येणाऱ्या विमानात एका नायजेरियन तरुणाने कपड्यांत दडवलेला बाँब उडवण्याचा प्रयत्न केला; त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी अबुजा येथील अमेरिकन दूतावासाला सावध केले होते, आणि माहिती हाती असूनही तिचे तुकडे जोडले गेले नाहीत हे अमेरिकन सरकारच्याच पाहणीत मान्य झाले. अमेरिकी नागरिकांच्या दूरध्वनींची सरसकट नोंद ठेवणारा कार्यक्रम एडवर्ड स्नोडेन यांच्यामुळे जून २०१३ मध्ये उघड झाला, तेव्हा त्याची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र मंडळाने जानेवारी २०१४ मधील अहवालात असा निष्कर्ष काढला की अमेरिकेला असलेल्या धोक्याच्या एकाही दहशतवादविरोधी तपासात या कार्यक्रमाने निर्णायक फरक पडल्याचे दिसत नाही. माहितीच्या ढिगाऱ्याखाली तपास गुदमरतो, हे एलाही यांचे निरीक्षण म्हणून खोटे नाही.

याच कुळातील, पण स्वभावाने वेगळा असा आणखी एक मार्ग आहे. फिन ब्रंटन आणि निसेनबॉम यांनी २०१५ मधील पुस्तकात त्याचे सविस्तर विवेचन केले असून खरी माहिती झाकोळून टाकण्यासाठी दिशाभूल करणारी किंवा निरर्थक माहिती मुद्दाम मिसळणे, असे त्याचे स्वरूप सांगता येते. त्याचा युद्धातील पूर्वज प्रसिद्ध आहे: जुलै १९४३ मध्ये हँबर्गवर चालून गेलेल्या ब्रिटिश विमानांनी धातूच्या वर्खाच्या असंख्य पट्ट्या हवेत सोडल्या आणि जर्मन रडारच्या पडद्यावर खरे विमान कोणते हे ओळखणे अशक्य केले. इंटरनेटवर २००६ पासून उपलब्ध असलेले 'ट्रॅकमीनॉट' हे ब्राउझरला जोडायचे साधन वापरकर्त्याच्या खऱ्या शोधांमध्ये स्वतःहून भलतेसलते शोध पेरते. त्याच गटातून पुढे आलेले 'ॲडनॉशियम' पानावरील प्रत्येक जाहिरातीवर परस्पर क्लिक करते, आणि २०१७ च्या आरंभी गूगलने ते आपल्या क्रोमच्या दुकानातून काढून टाकले. सामूहिक पातळीवरील उदाहरण ऑक्टोबर २०१६ मधील आहे. तेलवाहिनीविरोधी आंदोलन सुरू असलेल्या स्टँडिंग रॉक या मूलनिवासी वसाहतीत आपण हजर आहोत, असे दहा लाखांहून अधिक लोकांनी घरबसल्या फेसबुकवर नोंदवले, कारण पोलीस याच नोंदींवरून आंदोलक हेरतात असे त्यांच्या कानावर आले होते. स्थानिक पोलिसांनी आपण असे काही करत नसल्याचे सांगितले. पोलिसांवर झालेला परिणाम बाजूला ठेवला तरी त्या नोंदींनी आंदोलनाला जगभर पोहोचवले, हे नाकारता येत नाही.

येथे एक भेद नोंदवला पाहिजे, कारण चर्चेत तो अनेकदा पुसला जातो. एलाही खरी माहिती देतात आणि तिच्या प्रमाणावर भिस्त ठेवतात. झाकोळण्याचा मार्ग खोट्या माहितीवर उभा असतो. तिसरी, अधिक सूक्ष्म पद्धत डॅना बॉइड यांनी अमेरिकन किशोरवयीन मुलांच्या अभ्यासातून दाखवली आहे. ही मुले आईवडील वाचतात हे जाणूनच सर्वांसमोर लिहितात, पण मजकुराचा अर्थ केवळ मित्रांना उमगावा अशा खुणेने लिहितात; शब्द सर्वांसाठी उघडे असतात आणि अर्थ बंद राहतो. तिघांपैकी ही पद्धत रोजच्या वापरात सर्वाधिक टिकाऊ दिसते, कारण ती तंत्रावर अवलंबून नसून आपापसांतील नात्यावर अवलंबून आहे.

उघडेपणाच्या मार्गाची खरी कसोटी यंत्रांच्या वाचनक्षमतेपाशी लागते. एलाही यांच्या मनातील वाचक हा फाइल उघडून बसलेला, छायाचित्रे चाळून कंटाळणारा अधिकारी आहे. पूर्व जर्मनीच्या स्टासी या गुप्त पोलीस दलाने सुमारे १११ किलोमीटर लांबीची कागदपत्रे मागे ठेवली, आणि कागदाच्या त्या राज्यात अधिक माहिती म्हणजे अधिक गोंधळ हे समीकरण बव्हंशी खरे होते. संगणकाच्या बाबतीत ते उलटते. शिकणाऱ्या प्रणालींना भरपूर माहितीचा त्रास होत नाही. तिच्यावरच त्या पोसल्या जातात, आणि आकृतिबंध जितका दीर्घकाळ नोंदला जाईल तितका त्यातील अपवाद ठळकपणे दिसतो. २०१३ मधील एका अभ्यासात सुमारे पंधरा लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या असता स्थळ आणि वेळ यांचे अवघे चार बिंदू ९५ टक्के लोकांना इतरांपासून वेगळे ओळखण्यास पुरेसे ठरले. ट्रॅकमीनॉटने पेरलेले खोटे शोधही यांत्रिक वर्गीकरणाने बऱ्याच अंशी वेगळे काढता येतात, असे २०१० मध्येच दाखवले गेले आहे. शिवाय पाळतीचा मोठा भाग मेटाडेटावर, म्हणजे संभाषणाच्या मजकुरावर नव्हे तर कोणी, कोणाशी, केव्हा, कोठून आणि किती वेळ संपर्क साधला या नोंदीवर चालतो. एलाही यांनी चित्रांतून वगळलेली माणसे या नोंदीत वगळली जात नाहीत.

अमेरिकन कायद्याने या परिस्थितीला दीर्घकाळ हातभार लावला. १९७० च्या दशकातील दोन निकालांनी असे तत्त्व रूढ केले की बँकेला किंवा दूरध्वनी कंपनीला स्वतःहून दिलेल्या माहितीबाबत नागरिकाला खासगीपणाची अपेक्षा बाळगता येत नाही, आणि त्यामुळे ती मिळवण्यासाठी सरकारला न्यायालयीन वॉरंट लागत नाही. जून २०१८ मध्ये कार्पेंटर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी या तत्त्वाला मर्यादा घातली. तपास यंत्रणेने एका संशयिताच्या मोबाइलच्या १२७ दिवसांच्या, एकूण १२,८९८ स्थळनोंदी वॉरंटशिवाय मिळवल्या होत्या, आणि एकेकटी नोंद क्षुल्लक असली तरी त्यांच्या साखळीतून माणसाचे संपूर्ण आयुष्य उलगडते, हे न्यायालयाने मान्य केले. हा निकाल अशा माणसाचे रक्षण करतो ज्याची माहिती त्याच्या नकळत जमा होत गेली. जो माणूस तीच साखळी रोज जाहीर करतो, त्याच्या रक्षणासाठी या निकालात फारसे काही नाही.

माहिती क्वचितच एकट्याची असते, ही दुसरी अडचण आहे. एप्रिल २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील दशकांपूर्वीच्या खून आणि बलात्कारांच्या मालिकेतील गुन्हेगार सापडला, तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी वंशावळ शोधण्यासाठी खुल्या संकेतस्थळावर ठेवलेल्या जनुकीय माहितीमुळे. त्या गुन्हेगाराच्या अटकेचे दुःख कोणी करण्याचे कारण नाही. पण ज्यांनी स्वतः काहीही जाहीर केले नव्हते अशा असंख्य लोकांच्या वतीने त्यांच्या भाऊबंदांनी संमती दिल्यासारखे झाले, ही बाब गंभीर आहे. आपल्यापुरता घेतलेला उघडेपणाचा निर्णय आपल्यापुरता राहत नाही.

तिसरा आक्षेप प्रस्तुत आढाव्याच्या दृष्टीने सर्वांत जड आहे, आणि तो असा की उघडे होण्याची मुभा सर्वांना सारखी नसते. चिनी कलावंत आय वेवे यांना २०११ मध्ये ८१ दिवस अटकेत ठेवण्यात आले. अटकेला वर्ष झाले तेव्हा, ३ एप्रिल २०१२ रोजी, त्यांनी आपल्या घरात चार कॅमेरे बसवून स्वतःचे आयुष्य इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. सरकार बाहेरून पाहतेच आहे, तर सर्वांनीच पाहावे, असा त्यामागील विचार होता. अधिकाऱ्यांच्या आदेशावरून ४६ तासांत ते प्रक्षेपण बंद करावे लागले. ज्या राज्याला कोणाकडे पाहायचे आणि कोणी पाहायचे हे दोन्ही ठरवायचे असते, तेथे अति-उघडेपणासुद्धा अपराध ठरतो. अमेरिकेतही एलाही यांचे नागरिकत्व आणि प्राध्यापकपद त्यांच्या पाठीशी होते. त्याच सुमारास सुरू झालेल्या विशेष नोंदणी योजनेखाली बांगलादेशासह पंचवीस देशांतील, नागरिक नसलेल्या पुरुषांना सरकारी कार्यालयात जाऊन बोटांचे ठसे आणि जबाब द्यावे लागले. ८० हजारांहून अधिक जणांनी अशी नोंदणी केली आणि त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक जणांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. हे लोक स्वतःहून कायद्यासमोर हजर झाले होते, आणि त्या हजर होण्याचीच त्यांना किंमत मोजावी लागली.

महाराष्ट्राला ही व्यवस्था अपरिचित नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करण्यायोग्य झाल्यानंतर अनेक भटक्या समाजांतील माणसांना जन्माने संशयित मानले गेले, त्यांना पोलिसांकडे ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव बदलायचे तर आधी कळवावे लागे, आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये त्यांच्या वस्तीला तारेचे कुंपण होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला, तरी पारधी वस्तीवर चोरीनंतर पडणारी पहिली धाड थांबलेली नाही. या पार्श्वभूमीवर एलाही यांचा फोन, ईमेल आणि छायाचित्र असा प्रवास पाहिला तर त्याचे दुसरे रूप दिसते: ती स्वखुशीने दिलेली हजेरी आहे. आपण निर्दोष आहोत हे रोज सिद्ध करण्याचे ओझे राज्याकडून नागरिकाच्या खांद्यावर गेलेले आहे, आणि कलावंताने ते सर्जनशीलतेने पेलले म्हणून ते न्याय्य ठरत नाही. एलाही यांच्या कलाकृतीची ताकद अशी की हा अन्याय ती डोळ्यांसमोर आणते. इतरांनी अनुसरावी अशी पद्धत म्हणून तिची शिफारस करणे मात्र तिच्यावरच अन्याय करणारे आहे.

स्वेच्छा आणि सक्ती यांतील अंतर किती पातळ आहे, हे अलीकडे अमेरिकेच्या व्हिसा प्रक्रियेतून स्पष्ट झाले. २०१९ पासून बहुतेक अर्जदारांना मागील पाच वर्षांत वापरलेल्या समाजमाध्यमांवरील खात्यांची नावे अर्जात द्यावी लागतात, आणि जून २०२५ मध्ये विद्यार्थी व विनिमय-अभ्यागत गटांतील अर्जदारांनी आपली खाती सर्वांसाठी खुली करावीत, अशी सूचना आली. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाणाऱ्या पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याला खाते बंद ठेवण्याची सोय राहिली नाही, कारण बंद खाते म्हणजे काहीतरी लपवल्याची खूण असा अर्थ लावला जाण्याची भीती त्याच्यापुढे उभी राहते. ज्याने उघडेपणा निषेध म्हणून निवडला आणि ज्याला तो प्रवेशाची अट म्हणून पत्करावा लागला, त्या दोघांची पाने पडद्यावर सारखीच दिसतात.

भारतीय कायद्यात या प्रश्नाला एक विशेष धार आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्यावर प्रक्रियेची बंधने घातली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचा आधार नसलेले तीन ध्वनिमुद्रण-आदेश रद्द करून त्यांतून मिळालेली मुद्रिते नष्ट करण्यास सांगितले. या दोहोंच्या मध्ये, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने घोषित केले, आणि माणूस केवळ सार्वजनिक जागी आहे म्हणून तो हक्क गळून पडत नाही, हेही त्यातील प्रमुख निकालपत्राने स्पष्ट केले. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे तिसरे कलम व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली वैयक्तिक माहिती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवते, आणि सतरावे कलम केंद्र सरकारला आपल्या निवडक यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार देते. म्हणजे एलाही यांच्याप्रमाणे आयुष्य जाहीर करणाऱ्या भारतीय नागरिकाच्या हजारो छायाचित्रांवर कोणीही काहीही प्रक्रिया केली, तरी त्याला या कायद्याखाली तक्रार करता येणार नाही. विखुरलेल्या, स्वतःहून दिलेल्या तपशिलांतून राज्याने त्याचे संपूर्ण चित्र जुळवले, तर ते जुळवणे ही स्वतंत्र पाळत मानून तिला पुट्टस्वामी निकालाची कसोटी लावायची की माणसाने ती माहिती आधीच सोडून दिली असे समजायचे, हा प्रश्न संसदेने कायद्याच्या शब्दांत सोडवलेला नाही, आणि त्याचे उत्तर घटनेच्या एकविसाव्या कलमाच्या आधारे न्यायालयांनाच द्यावे लागणार आहे.